बनियन घातलेली दुर्बीण

चूक माझीच, आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कवळीवाला राहतो. दातांच्या डॉक्टरांना घरच्या मागच्या खोलीत कवळ्या करून देतो. मी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की हा तिथे हजर. समोर हे एवढं जाड काळं नळकांडं, त्याच्या तोंडावर पांढरं बनियन ताणलेलं, वरून पायजम्याची नाडी आवळलेली, आणि हा शेजारी स्टुलावर राखण करत बसलेला. मला वाटलं, बायको माहेरी गेलीय आणि या बाबाला साधं बनियन वाळत घालता येत नाही. तसं खालच्या तिन्ही मजल्यांवर सांगूनही आले. माझ्या पोटात काही राहत नाही.

चौथ्या दिवशी बायको जिन्यात भेटली. "माहेरी कुठली जातेय, मावशी. घरात बिनभोकाचं एकच बनियन उरलंय, ते दुर्बिणीला. हे स्वतः जाळी घालून फिरतात."

मग मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मी आपल्या आकाशगंगेसारख्या लांबच्या दीर्घिकांचे फोटो काढतो. कॅमेऱ्यात धूळ असतेच. पांढऱ्या कापडातून उजेड सगळीकडे सारखा येतो, म्हणून असा फोटो काढला की फक्त धुळीचे डाग दिसतात. मग ते रात्रीच्या फोटोतून वजा करायचे."

"त्यापेक्षा धूळ पुसावी माणसानं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मोडकी कवळी खळीनं चिकटवून आणली होती.

त्याची ती दीर्घिका मी पाहिली. नऊ रात्री डोळे फोडून, तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड गोळा करून या गृहस्थानं काय मिळवलं, तर काळ्या कागदावर दुधाचं बोट पुसल्यासारखा एक फराटा. आणि कौतुक असं, की पहिलटकरणीनं लाजावं. "अजून दहा रात्री मिळाल्या ना, मावशी, की तिचे भोवऱ्यासारखे वळलेले हात दिसतील." हात! सख्ख्या मेहुणीला हा रस्त्यात ओळखत नाही.

पण त्या दहा रात्रीच धोक्यात आल्या, आणि तेही माझ्यामुळे. माझी उशीची खोळ गच्चीवरून चोरीला गेली म्हणून मी तक्रार केली, आणि सेक्रेटरींनी लगेच गच्चीवर रात्रभर जळणारा मोठा दिवा लावायचं ठरवलं. दिवा लागला की दीर्घिका धुऊन निघाली म्हणायची. आणि महिन्याभरात ती समोरच्या इमारतीमागे जाणार, ती पुढच्या वर्षापर्यंत. (खोळ नंतर माझ्याच कपाटात सापडली. ही एक गोष्ट मात्र पोटात राहिली.)

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरींच्या तोंडातली कवळी यानंच केलेली, आणि पुढचा एक दात मोठा झालाय हे त्यांचं रडगाणं दोन वर्षं चाललेलं. कवळीवाल्यानं पुढे केलेला दीर्घिकेचा फोटो त्यांनी घेतला, अंगठ्याला थुंकी लावून घासला, आणि म्हणाले, "हा तर प्लास्टरचा डाग. तुमच्या कवळ्यांची भुकटी कॅमेऱ्यात गेलीय. डागासाठी सगळ्यांनी अंधारात राहायचं?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

"डाग नसला तर?" कवळीवाला म्हणाला.

"तर दिव्याला बटण लावू, आणि बटण तुमच्या हातात."

त्यानं पिशवीतून आणखी तीन फोटो काढून स्कूटरच्या सीटवर मांडले. "हा बनियनचा. कोपऱ्यात काळी कडी दिसते? ती धूळ. आता हे दोन वेगवेगळ्या रात्रींचे, धूळ वजा न केलेले, मध्ये मी कॅमेरा फिरवला होता. कडी दोन्हींत त्याच कोपऱ्यात. आणि तुमचा डाग? इथे वर, इथे खाली. पण दोन्हीकडे याच दोन ताऱ्यांच्या मध्ये. धूळ कॅमेऱ्याबरोबर राहते, दीर्घिका ताऱ्यांबरोबर."

सेक्रेटरींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. पहिल्या मजल्यावरची नर्स म्हणाली, "बरोबर आहे की हो." मग त्यांना वहीत बटण लिहून घ्यावंच लागलं.

पण हरलेला माणूस गप्प बसेल तर ना. "दीर्घिका तर दीर्घिका. माझा दात मात्र मोठाच आहे."

कवळीवाल्यानं हात पुढे केला. सेक्रेटरींनीही तावातावानं सगळ्यांदेखत कवळी काढून दिली. यानं खिशातून मापाचा चिमटा काढला, एक दात धरला, दुसरा धरला, आणि चिमटा नर्सकडे दिला.

"दोन्ही साडेआठ मिलिमीटर," तिनं वाचलं.

सेक्रेटरींना बरंच काही म्हणायचं होतं, पण कवळी अजून याच्याच हातात होती.