वाली कोण?

हे लिहिताना मला माझी बाजू मांडायची नाही. मांडण्यासारखी बाजू माझ्याजवळ नाहीच.

माझी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी आठ वर्षांची होती. मेहुण्यांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि मुलीला सुरतेत, डिंडोलीला माझ्या आईजवळ आणून सोडलं. आईची सत्तरी उलटलेली. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, आजीबरोबर मामाचंही नाव पालक म्हणून कोर्टात लावून घ्या. बापानं तर लेखी अंग काढून घेतलंय; म्हातारीला उद्या काही झालं तर कायद्यानं पोरीचं कुणी उरणार नाही. त्यांनी अर्ज तयार करून दिला. फक्त माझी सही हवी होती.

तो अर्ज मी दीड वर्ष कपाटात कपड्यांखाली ठेवला. पांडेसऱ्याच्या मिलमधली नोकरी, दोन खोल्यांचं घर, स्वतःची दोन मुलं. एकदा सही केली की ही जबाबदारी जन्माची, ही भीती मनात बसली होती. आई विचारायची, तेव्हा ‘वकीलबाई गावाला गेल्यात’, ‘कोर्टाला सुट्टी आहे’ असं काहीतरी सांगायचो. भाची तिथंच अभ्यास करत बसलेली असायची. तिला काही कळत नसेल, असं मी धरून चाललो होतो. श्रावणात आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. त्या वर्षी तिच्यापुढे हात जोडून मी मागितलं, ‘माय, मला यातून सोडव.’ सगळे आपल्या लेकरांसाठी मागत होते, आणि मी एका लेकरापासून सुटका मागत होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी भाचीच्या पोटात असह्य दुखू लागलं. आई तिला रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेली. मी मिलमधून तसाच धावलो. अपेंडिक्स होतं, ऑपरेशन लगेच करायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे करून विचारलं, “छोकरीना वाली कोण?”

गुजरातीत वाली म्हणजे पालक. आईला गुजराती बेताचंच; तिनं आपल्या बोलीतला अर्थ घेतला. पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, “हिले कोनी वाली नही वं बाई. कानबाई मायच हिनी वाली.”

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

बाकावर पोट धरून बसलेल्या भाचीला दोन्ही भाषा येत होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीकडे वळून म्हणाली, “रहेवा दो बेन, मामाने नहीं फावे.” राहू द्या, मामांना जमायचं नाही. आवाजात राग नव्हता. मला सांभाळून घेतल्यासारखंच ती बोलली. म्हणजे दीड वर्ष तिला सगळं ठाऊक होतं.

तेवढ्यात रांगेतली एक अनोळखी बाई आईला म्हणाली, “आ मामा ऊभा छे ने, बा! वाली नथी, एम न बोलाय.” हे मामा उभे आहेत ना, वाली नाही असं बोलू नये. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवून, घरचंच माणूस दटावतं तशी म्हणाली, “लखो ने भाई, नाम लखो.”

मी नाव लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर त्या बाईला शोधलं, पण ती दिसली नाही. कुणा पेशंटची नातेवाईक असेल. आईनं मात्र ठरवून टाकलं, “कानबाई व्हती ती.”

टाके सांभाळत भाची हसली. “आजी, कानबाईला गुजराती येतं?”

“सुरतमा ऱ्हास ना, शिकी लिधं व्हई!”

मी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी अर्जावर सही करून तो वकीलबाईंकडे दिला. काही महिन्यांनी हुकूम झाला; आजीबरोबर माझं नाव लागलं. आता आई आणि भाची दोघी आमच्याच घरी राहतात. मी सुटका मागितली होती आणि देवीनं ही दोघं माणसं दिली. तिचे उपकार मानतो. आपल्या मागण्यापेक्षा तिचं देणं शहाणं असतं, एवढं मला उशिरा कळलं.

पण ते दीड वर्ष कुणाला परत देता येत नाही. शाळेचा कुठलाही कागद आला, की भाची पेन हातात घेऊन थांबते. “मामा, इथं तुमचं नाव लिहू ना?” माझी मुलं असं कधी विचारत नाहीत. “लिही, बेटा,” म्हणतो. विचारायची ही सवय तिला मीच लावली. ती कधी मोडेल, ते मी देवीवर सोडलं आहे.