लग्नपत्रिकेची फ्लॉपी आणि अडतीस लॉट

शरदचंद्रांनी कांताबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते ट्रकवाल्याशी भांडताना. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या दारात त्या उभ्या होत्या, पदर खोचून.

"पोत्यावर लॉट नंबर न्हाई. उतरायचं न्हाई."

"बाई, घरचं धान्य हाय का तुमच्या?"

"घरचं असतं तर उतरून घेतलं असतं."

धावडा गावची ही बाई तेव्हा तपासणी खोलीत रोजंदारीवर होती. व्यवस्थापक शरदचंद्रांनी तिला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. वर्षभरात बियाण्याच्या सगळ्या नोंदी तिच्या हाती आल्या. मग त्यांनीच कागदी रजिस्टर बंद केलं.

२००० सालच्या मे महिन्यात ते पुतणीच्या लग्नपत्रिकेची फ्लॉपी घेऊन आले.

"साहेब, बाहेरची फ्लॉपी लावू नका."

"अहो, पत्रिका आहे, बॉम्ब नाही!"

दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटरचा पडदा काळा. औरंगाबादहून आलेला तंत्रज्ञ म्हणाला, फ्लॉपीतून व्हायरस आला, सगळं पुसलं गेलं. कुठल्या देशात बसून कुणी तो सोडला, कोण जाणे. जालन्याची बाजरी त्याच्या गावीही नसावी. अडतीस लॉटचे उगवणीचे निकाल गेले होते आणि पेरणी तोंडावर आली होती.

मालकांचा फोन आला. शरदचंद्रांनी चूक स्वतःची म्हणून सांगितली. मालक म्हणाले, "बाईंना आठवत असेल. आठवणीने लिहा आणि माल पाठवा."

कांताबाईंनी फोन मागून घेतला. "आठवतं बराबर, मालक. पण एखादा लॉट चुकला तर पेरणाऱ्याचं वर्ष जातंय. मी अंदाजानं सही करणार न्हाई. सात दिवस द्या."

कपाटात प्रत्येक लॉटचा नमुना होता. लॉटमागे चारशे दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे, सातव्या दिवशी कोंब मोजायचे. दोन बायका हाताशी घेऊन त्यांनी अडतीसही लॉट पुन्हा लावले. शरदचंद्रही दाणे मोजायला बसले. मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, "पत्रिका मात्र झकास व्हती, साहेब."

पस्तीस लॉट उगवणीच्या कसोटीला उतरले, तीन नापास झाले. त्या तीनपैकी एक कांताबाईंच्या आठवणीत पास होता. तो त्यांनी स्वतः बाजूला काढला आणि सगळ्यांसमोर तसं सांगितलं. पेरणीच्या आधी ट्रक निघाले. त्या दिवशी शरदचंद्रांनी मालकांना फोन केला, तो फक्त बाईंचं नाव सांगायला.

आता कंपनीत बावीस कॉम्प्युटर आहेत. त्यांची जबाबदारी कांताबाईंकडे आहे.