पहिल्या भागातलं शेवटचं नाव

माझी मावशी शर्टांच्या बटणांसाठी काजं करते. शिवणातलं बाकी काही आपल्याला येत नाही असं ती स्वतःच सांगते, आणि ते खरंच आहे. एकदा माझी उशी शिवायला घेतली, तर कापूस भरायच्या आधीच चारही बाजूंनी बंद करून मोकळी झाली.

गणवेशाच्या कारखान्यात खिडकीजवळ तिचं टेबल आहे. आधी खूण, मग कडेनं टाके, आणि सगळं तपासून झालं की मधोमध काप. "कापायची घाई करायची नाही," एवढंच ती नव्या मुलींना शिकवते. मशिनींच्या गोंगाटात ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय, की चर्चचा माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारे जागे होतात. म्हणून रविवारच्या उपासनेत प्रार्थनेची यादी वाचायचं काम तिच्याकडे आलं.

या यादीचे दोन भाग. पहिल्यात आजारी माणसं आणि प्रवासात असलेली. प्रत्येक नावामागून मंडळी म्हणते, "प्रभू, आमचं ऐक." दुसऱ्या भागात वारलेली. त्यांच्यासाठी मागायचं काही उरलेलं नसतं, म्हणून तिथं म्हणायचं, "प्रभू, तुझे आभार."

पहिल्या भागातलं शेवटचं नाव अकरा वर्षं एकच होतं. आम्ही घरी त्याला बारक्या म्हणायचो. मावशीचा एकुलता एक मुलगा. जहाजाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागला आणि तिसऱ्याच फेरीत जहाज वादळात बुडालं. एकोणीस जणांतले सहा सापडले, तेही मेलेले. बारक्याबद्दल कंपनीचं पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' असा एक शब्द होता. त्या शब्दाची मला चीड होती. दर रविवारी मावशी त्याचं नाव खणखणीत वाचायची, लोक माना खाली घालून "आमचं ऐक" म्हणायचे, आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ही बाई किती दिवस स्वतःची फसवणूक करणार, असं वाटायचं. मी स्वतः तर चर्चमध्ये तोंड उघडणंच सोडून दिलं होतं.

नवे पाळक आले तेव्हा मीच ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. माणूस भला. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, आणि मग कप उगाच बशीत फिरवत बसले.

"बाई, अकरा वर्षं झाली. आता त्याला प्रभूच्या हाती सोपवा."

"प्रभूच्याच हाती आहे की. मी कुठं काढून घेतलाय?"

"तसं नव्हे. त्याचं नाव दुसऱ्या भागात घेऊ या म्हणतो. चर्चच्या पंचांचंही तेच मत पडलं."

मावशीचा चेहरा पडला. मग म्हणाली, "यादी तुमची, पाळकसाहेब. तुम्ही लिहाल ते मी वाचीन."

ते गेल्यावर मी तिच्यावर उखडले. "एवढं तोंड पाडायला काय झालं? तो येणार आहे असं तुला खरंच वाटतं का?"

"मला काय वेड लागलंय? गेला तो. त्याच वर्षी कळलं मला."

अकरा वर्षं मी जिची कीव करत होते, तिला सगळं ठाऊक होतं.

"मग हे सगळं कशासाठी?"

"त्या भागात घातलं की आभार मानायचे. कशाचे मानू, सांग? देवाला मी अकरा वर्षं विचारतेय, का नेलास म्हणून. उत्तर देत नाही. मेला बोलतच नाही. पण विचारतेय तोवर कुणीतरी ऐकतंय असं धरून चालता येतं. विचारायचंच थांबवलं, तर पोरगाही गेला आणि देवही गेला. मग मी कुणाच्या जिवावर सकाळी उठू?" तिनं पाळकांचा कप उचलला. "एकदा कापलं की मिटवता येत नाही गं."

दुसऱ्या दिवशी, नाव होतं तिथंच राहू द्या म्हणून सांगायला मी पाळकांकडे गेले. यादी छापून झाली होती. मी फार वाद घातला नाही. घालायला हवा होता.

रविवारी मावशी उभी राहिली. पहिला भाग संपला, त्याच्या नावाशिवाय. दुसऱ्या भागातलं चौथं नाव त्याचं होतं. तिनं ते वाचलं, आवाज जराही कापू न देता. आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "प्रभू, आमचं ऐक."

अकरा वर्षांची सवय. नाव कानावर पडलं आणि जिभा आपोआप वळल्या. पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पाळकांनी डोळे मिटून घेतले. मीही तेच म्हणाले होते, मोठ्यानं, हे मला नंतर कळलं. मावशीचं बोट कागदावर तिथंच थांबलं होतं. मला रडू आवरेना. वाटलं, आता काहीतरी बदलेल.

काही बदललं नाही. पुढच्या रविवारी पाळकांनी यादीआधी मंडळीला हळुवारपणे आठवण करून दिली, कुठं काय म्हणायचं ते. मावशीनं त्याचं नाव वाचलं. आम्ही सगळ्यांनी नीट म्हटलं, "प्रभू, तुझे आभार." मीही म्हटलं.

मावशी आमचं संपेपर्यंत थांबली. मग त्याच कारखान्यातल्या आवाजात, एकटीच म्हणाली, "प्रभू, आमचं ऐक." आणि तिनं पुढचं नाव वाचलं.