फाटकाच्या आतला अब्राम

आमच्या चर्चला येणारा परगावचा माणूस दोनच गोष्टी विचारतो. एक, ही इमारत किती जुनी? आणि दुसरी, इथं जवळपास बरं जेवण कुठं मिळेल? मधलं सगळं, म्हणजे घंटा, वरची माडी, भूकंपानंतर भिंती आवळून धरायला घातलेल्या लोखंडी कांबी, तो मान डोलावत ऐकतो. पण लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या चार्ल्सटनची हवाच तशी आहे. खारा वारा अंगाला लागला की देवासमोर उभ्या माणसाच्याही पोटात कावळे कोकलतात.

मी फाटकाशी बसते. खाडीकाठचं गोड वासाचं गवत आणि ताडाच्या पात्या घेऊन टोपल्या विणते. आधी माझी आई बसायची, तिच्या जागी आता मी. त्यामुळं आमच्या या नेबो चर्चमध्ये कोण गेलं, कोण डोळे पुसत बाहेर आलं, कोण नुसते फोटो काढून सटकलं, सगळं माझ्यासमोरून जातं. अब्राम ग्रिम्बॉलचं म्हातारपणही माझ्यासमोरच आलं.

अब्रामकडं चर्चची किल्ली, घंटेचा दोर आणि झाडू. तरुणपणी तो कोळंबीच्या बोटीवर होता. बायको गेल्यावर पाण्यावरून मन उडालं आणि तो इथं आला तो इथलाच झाला. उंच, वाळक्या बांबूसारखा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. पाहुण्यांना तो चर्च दाखवतो ते अगदी सावकाश. मागच्या भिंतीतल्या एका विटेपाशी नेतो. वीट ओली असताना उलटवणाऱ्या, गुलामीच्या काळातल्या पोराचं बोट तिच्यात उमटून राहिलंय. "बोट ठेवा," म्हणतो. "सलाम करा त्याला." कुणाचं बोट, असं विचारलं की म्हणतो, "ठावं न्हाई. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं न्हाई. लहान बोट हाय, एवढंच खरं." दुसरा कुणी असता तर त्यानं एक नाव घडवून, एक गोष्ट रचून सांगितली असती. अब्राम नाही सांगत, आणि त्याला कारण आहे.

नवा असताना तोही फेकायचा. वेदीखाली समुद्री चाच्याचं सोनं पुरलंय, असं त्यानं एकदा पाहुण्यांच्या घोळक्याला रंगवून सांगितलं. मागच्या बाकावर मिस एवेलिना प्रार्थनेला बसली होती. आमच्या चर्चची सगळ्यात जुनी बाई, पाद्रीसुद्धा तिच्यापुढं खाली बघायचा. ती काठी टेकत पुढं आली, पाहुण्यांना बाकावर बसवलं, अब्रामला समोर उभं केलं आणि खरं सांगायला लावलं. मग म्हणाली, "फाटकाच्या भाईर तू काय वाट्टंल ते बोल, त्यो तुजा आन् सैतानाचा व्यवहार. फाटकाच्या आत न्हाई."

अब्रामनं ते शब्द मोशेच्या पाटीवर कोरल्यागत धरले. त्यानं तरुणपणी पकडलेला मासा फाटकाबाहेर दर वर्षी वीतभर वाढतो. माझ्याशेजारी उभा राहून तो अशा थापा मारतो की हातातलं गवत गळून पडावं. फाटक ओलांडून आत गेला की तोच मासा पुन्हा होता तेवढा होतो. आख्ख्या गल्लीला हे माहीत. अब्रामकडून खरं काढायचं असेल तर लोक त्याला बाहीला धरून आत नेतात.

आणि याच्याच पायी त्याची बहीण त्याच्याशी बोलायची बंद झाली.

लुएला त्याच्याहून धाकटी. लग्न करून बाप्टिस्ट पंथाच्या चर्चकडं गेली, पण त्याचं काही नाही, देव एकच. दोन गल्ल्या पलीकडं तिची खानावळ आहे. निळं दार, सहा टेबलं, तळलेला मासा, भेंडी-कोळंबीचं कालवण, कॉलर्डच्या पाल्याची भाजी आणि लाल भात. टोमॅटो न् धुरी दिलेल्या डुकराच्या चरबीतला तो भात शीत न् शीत मोकळा असावा लागतो. आमच्याकडं बाईच्या नवऱ्याला नावं ठेवा, ती ऐकून घेईल. भाताला ठेवाल तर मेलात.

त्यांची आई गेली तेव्हा मयतीनंतरचं जेवण चर्चच्या मागच्या दालनात होतं. म्हणजे फाटकाच्या आत. भात लुएलानं केलेला. कुणीतरी आपलं बोलायचं म्हणून अब्रामला विचारलं, भात कसा झालाय? अब्रामनं घास गिळला. पाठीमागं लुएला डाव घेऊन उभी आहे हे त्याला दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "आईचा असा गिचका कदी झाला न्हाई."

लुएलानं डाव टेबलावर ठेवला, भांडं उचललं आणि गेली. तेव्हापासून ती आमच्या चर्चची पायरी चढली नाही आणि अब्राम तिच्या निळ्या दारातून आत गेला नाही. माफी मागावी तर कशाची? बोललो ते खोटं होतं असं तर म्हणता येत नव्हतं. दोघंही एकाच आईची, एकाच पिठाची.

गंमत पुढं आहे. पाहुणे चर्चमध्ये उभे राहून विचारणार, चांगलं जेवण कुठं? आणि फाटकाच्या आत अब्रामला खरंच बोलावं लागणार. "लुएलाकडं," तो म्हणायचा. "दोन गल्ल्या सोडून. निळं दार. लाल भात मागा." आणि उन्हानं डोकं तापू नये म्हणून बाकावरचा कागदी हातपंखा त्यांच्या हातात द्यायचा. हे पंखे आमच्याकडं मयतीचं सामान पुरवणारा फुकट वाटतो, एका बाजूला मेंढपाळ येशू, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुकानाचा पत्ता. लुएलाच्या दारातून पंखा आत आला की तिला कळायचं कुणी पाठवलंय. "आली मयतवाल्याची गिऱ्हाइकं," म्हणायची आणि ताटात माशाचा तुकडा जरा मोठा टाकायची. महिन्याअखेर जमलेले पंखे दोरीनं बांधून माझ्याकडं पाठवायची. निरोप काही नाही. मी गठ्ठा अब्रामला द्यायची, तो एकेक पंखा रुमालानं पुसून बाकावर ठेवायचा. एवढंच त्यांचं बोलणं, पण वर्षानुवर्षं चाललं.

दुपारी तो पायरीवर बसून पत्र्याच्या डब्यातल्या माशाबरोबर खारी बिस्किटं खायचा. मी लुएलाकडून जेवून आले की विचारायचा, "शीत कसं व्हतं?" मी म्हणायची, मोकळं. तो मान हलवायचा आणि पुढचं बिस्किट मोडायचा. मला कधी कधी त्याच्याकडं बघवायचं नाही.

या उन्हाळ्यात केस विंचरणाऱ्या बाईकडून बातमी आली. लुएलाचे गुडघे गेलेत, हंगाम संपला की खानावळ बंद करून ती लेकीकडं अटलांटाला कायमची निघालीय. मी अब्रामला सांगितलं. तो घंटेचा दोर हातात धरून तसाच उभा राहिला. दुपारची घंटा त्या दिवशी उशिरा झाली.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं वागणं बदललं. पाहुण्यांनी जेवणाचं विचारायला तोंड उघडायच्या आत तो त्यांना घाईघाईनं बाहेर आणायचा, फाटक पार करून माझ्या टोपल्यांपाशी उभं करायचा, आणि मग विचारू द्यायचा. बाहेर आल्यावर पुलाजवळच्या कुठल्याशा माशाच्या हॉटेलाची अशी तारीफ करायचा की तिथला आचारी ऐकून लाजला असता. पंखेही फाटकातच परत घ्यायचा. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाला, तिच्या गुडघ्यांचं वाटोळं मीच केलं. माणसं पाठवून पाठवून तिला उभी ठेवली. निदान जाईस्तोवर तरी बसू दे.

मी म्हटलं, बाबा, तू स्वतः जा की तिकडं. तर म्हणाला, कशाला? आता जायच्या टायमाला मढ्यासारखं तोंड घेऊन? मी पुन्हा विणायला लागले. दोघांच्या मधे बोलणाऱ्याला आमच्याकडं दोन्हीकडून चपला मिळतात.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी लुएला आली. रुंद बाई, निळा एप्रन, दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेलं भांडं, एकेक पाऊल टाकताना ओठ दाबून धरलेले. अब्राम नेमका फाटकाबाहेर ओहायोकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला पुलाजवळच्या हॉटेलाचं वर्णन सांगत होता. तिला बघून त्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तो भांडं घ्यायला पुढं झाला. तिनं दिलं नाही.

"आत चल," ती म्हणाली. "भाईर तुजं कायबी खरं नसतं."

तो निमूटपणे मागं गेला. ते जोडपंही गेलं, त्यांना वाटलं हा चर्च दाखवण्याचाच भाग असावा. मी टोपली सोडली आणि मीही गेले. असं काही रोज घडत नाही.

लुएला मधल्या वाटेत थांबली. भांडं बाकावर ठेवलं.

"चार दीस झाले, एक पंखा न्हाई. माजा भात पुन्ना गिचका झाला का? कुणी सांगितलं तुला?"

अब्राम तिच्या गुडघ्यांचं काहीबाही पुटपुटला. अटलांटाचं बोलला.

"अटलांटा," ती म्हणाली. "त्या केसवालीला मीच सांगितलं. तिच्या तोंडात गेलं की तुज्या कानात येतं म्हनून. वाटलं, आता तरी येशील. तर तू हायेत ती गिऱ्हाइकंबी तोडलीस."

त्या म्हाताऱ्या पाहुण्याबाईनं नवऱ्याचा हात धरला. बाकावरून उचललेला पंखाही खाली ठेवला.

"आता सांग," लुएला म्हणाली. "आईच्या मयतीचा भात. इथं हुबा राहून पुन्ना सांग."

"लू, पाव्हणे हायेत."

"असू देत. मिस एवेलिनानं बी तुला पाव्हण्यांपुढंच हुबं केलं व्हतं."

अब्रामनं वरच्या गुंडीला हात लावला. वेदीकडं बघितलं, मग तिच्याकडं. मला वाटलं, आज तरी मोडेल हा, आज एकदा तरी आत खोटं बोलेल. बोलला असता तर देवानंही डोळेझाक केली असती.

"गिचका व्हता," तो म्हणाला.

लुएलाचा हात भांड्याकडं गेला.

"आन् मी दोन ताटं खाल्ली. तिसरं घ्यायला वळलो तर तू भांडं घिऊन गेलेली."

लुएला खाली बसली, त्या बाकावर, भांड्याशेजारी. गुडघे चोळले. मग म्हणाली, "गिचका व्हताच. मला काय कळत न्हाई? झाकण उघडलं मी. आई बोंबलून सांगायची, भात मुरताना झाकणाला हात लावू नगंस. पन जो येई त्यो गळ्यात पडायचा, रडायचा, आन् मी आपली तोंड लपवायला भांड्यात डोकवायची. वाफ सगळी गेली. कसा मोकळा व्हईल?"

"मंग एवढी वर्सं..."

"खरं बोललास त्याचा राग न्हाई. खरं बोलून घरी गेलास, त्याचा हाय. दुसऱ्या दिवशी माज्या दारात येऊन एक खोटं बोलायचं व्हतंस. तिथं तर तुला मोकळीक व्हती की."

आख्ख्या जन्मात अब्रामला हे सुचलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. खोटं बोलायला आख्खं शहर पडलेलं, आणि हा शहाणा नेमक्या त्या एका दारात गेलाच नाही.

लुएलानं टॉवेल सोडला. वास उठला तसा अब्राम एकदम जागा झाला आणि सवयीनं म्हणाला, चर्चमध्ये खायला मनाई आहे. झाडू घेऊन तो नियम पाळायला लावणाराही तोच. तेव्हा सगळी वरात दाराशी गेली. लुएलानं मागच्या दालनातल्या ताटलीत भात वाढला आणि त्याला उंबऱ्यावर उभं केलं; पायरीही फाटकाच्या आतच, पण तिला आज पक्कं खरं हवं होतं. "एक पाय आत ठिव," म्हणाली. "मग खा. मग सांग."

आणि आमचा अब्राम, शर्टाची वरची गुंडी लावलेला, एक पाय पायरीवर आणि एक पाय चर्चमध्ये, असा बगळ्यासारखा उभा राहून भात खाऊ लागला. पहिला घास त्यानं तोंडात बराच वेळ ठेवला. दुसरा घास गेला, तिसरा गेला. लुएला वाट बघत होती. त्यानं ताटली रिकामी केली आणि पुढं धरली.

"तोंडानं सांग की मेल्या."

"खरवड कुठाय?" अब्राम म्हणाला.

लुएला हसली. लहानपणी भांड्याच्या बुडाच्या त्या खरपूस थरासाठी दोघं एकमेकांचे केस ओढायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तिनं तो थर वेगळा काढून एप्रनच्या खिशात कागदात बांधून आणला होता. म्हणजे येतानाच तिला माहीत होतं काय होणार ते. नुसतं आमच्या जिवाला घोर.

ओहायोच्या म्हाताऱ्यानं तेवढ्यात हळूच विचारलं, "मग आम्ही जेवायला नक्की कुठे जावं?"

अब्रामनं आपला पाय कुठं आहे ते बघितलं. "सगळ्यांत चांगलं ठिकाण आज बंद हाय," म्हणाला. "आचारीण इथं आलीय. बसा पायरीवर." मी फाटकाशी ठेवलेल्या टोपल्या आणल्या, उपड्या करून त्यांवर ताटल्या मांडल्या. मलाही भूक लागली होती.

लुएला अटलांटाला गेली खरी, नातवंडाच्या बाप्तिस्म्याला, आणि तिथला भात कुणाला खाववत नाही अशी कुरकूर करत परत आली. आता खानावळीत सहाच्या जागी चार टेबलं आहेत आणि दिवसभर उभं न राहता ती उंच स्टुलावर बसून वाढते. स्टूल अब्रामनं बनवून दिलं. त्याचा एक पाय आखूड आहे, पण तिच्या दारात उभा राहून तो सांगतो की चारही पाय सारखे आहेत.

दुपारी मात्र आमचं चर्च हल्ली बंद असतं. पाहुणे येतात, कुलूप हलवून बघतात, माझ्याकडं वळतात आणि विचारतात, दाखवणारा माणूस कुठं गेला? मी विणता विणता हात वर करते. जेवायला गेलाय, म्हणते. दोन गल्ल्या सोडून, निळं दार. तुम्हालाही तिकडंच जायचंय.