जास्तीच्या पुऱ्या

वर्ध्याचा एक माणूस लोकांना डोंगर-जंगलात फिरवायला नेतो. त्याच्या सहलीत मी स्वयंपाक करते. बस्तरचे डोंगर झाले, आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही अंदमानच्या बेटांवर गेलो.

एका संध्याकाळी जेवताना त्याने सगळ्यांना बजावलं, की उद्याचा रस्ता तिथल्या मूळ रहिवाशांच्या जंगलातून जातो. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, कोणाला काही द्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो चुलीपाशी आला आणि सकाळी पुऱ्या दुप्पट करायला सांगून गेला.

मी विचारलं, "इतक्या कोणाले?"

"काकू, तुम्ही फक्त लाटा."

भाजी वाढवायची नव्हती. दोन-दोन पुऱ्या कागदात बांधायच्या होत्या. कोरड्या पुऱ्या आमच्यातलं कोणी खात नाही. मला तेव्हाच खटकलं. सकाळी त्याने ती पिशवी स्वतःच्या खिडकीपाशी ठेवली, तेव्हा त्या जंगलातल्या लोकांसाठीच आहेत, हा माझा संशय पक्का झाला.

मी लहान असताना आमच्या हिंगणीकडच्या गोंड वस्तीत जीप यायची. आतले पाहुणे चॉकलेटं फेकत. आम्ही वेचायला धावलो की फोटो काढत. आईने एकदा माझ्या हातातलं चॉकलेट काढून चुलीत टाकलं होतं.

जंगलाच्या फाटकापाशी गाड्यांची लांब रांग होती. तो परवानगीचा कागद दाखवायला उतरला. बाकीचे पेंगत होते. चारचौघांत मला बोलता येत नाही. शिवाय त्याने मला तिथंच सोडलं, तर समुद्रापलीकडून मी घरी कशी येणार? तरी पिशवी उचलून मी खाली उतरले. रांगेतल्या ड्रायव्हरांना एकेक पुडी देत गेले. एकाने हिंदीत विचारलं, कशाचं जेवण आहे? मी म्हटलं, नवसाचं. त्याने दोन पुड्या घेतल्या.

मी गाडीत येऊन बसले, तोवर तो परत आला. त्याने रिकामी पिशवी उचलून पाहिली.

"पुऱ्या कुठं गेल्या, काकू?"

"वाटल्या. लोकं उपाशी होते."

तो माझ्याजवळ वाकला. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "जंगलातल्या लोकांना मी काय विष देणार होतो?"

"देऊ नका म्हणून तुमीच सांगतलं ना, दादा," एवढंच मी बोलले.

तो पुढे जाऊन बसला. फाटक उघडलं. एका वळणावर गाडी जरा हळू झाली आणि मी सीटची कड घट्ट धरली. त्याने ड्रायव्हरला चल म्हणून सांगितलं. सगळे डाव्या खिडक्यांना चिकटले. एक बाई मूल घेऊन उभी आहे, असं कोणीतरी कुजबुजलं. मागच्या ताईने मला हलवलं, म्हणाली, काकू, बघा ना.

मी मान खाली घालून बसले. जंगल संपेपर्यंत वर पाहिलं नाही.