आत की बाहेर

बोईसरमधल्या माझ्या आवडत्या खानावळीत मी बोंबलाच्या कालवणात भात कालवत होतो, तेवढ्यात टेबल हललं आणि खिडकीच्या काचा वाजल्या. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. आमच्याकडे अशा वेळी प्रश्न एकच असतो, भूकंप की कंपनी? भूकंप असेल तर बाहेर पळायचं. केमिकल कंपनीत स्फोट होऊन गॅस सुटला असेल तर दारं लावून आत बसायचं. अंदाज चुकला तर जिवावर बेतणार.

कोणी उठलं नाही. खानावळवाल्या मावशींचा नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. नाकाभोवती पदर गुंडाळून त्या दारापाशी गेल्या, एक हात कडीवर ठेवला आणि फोन स्पीकरवर टाकून त्याला लावला. रिंग वाजत राहिली.

अखेर त्याने फोन उचलला.

“कंपनीत काय झाला काय?” मावशींनी विचारलं.

“नाय. भूकंप हाय, आमी सगले बाहेर आलोय. तू कुठं हायस?”

“आत.”

“मग बाहेर पड ना, येडे.”

आम्ही उष्ट्या हातांनी रस्त्यावर आलो. तिथेही मी आधी हवेचा वास घेतला.