हुबळीचा मुक्काम

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका शाळेत संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चाले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नातेपुत्याहून येऊन एका गिरणीच्या कचेरीत कारकुनी करत होतो. सर बंगलोरला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेले. व्याकरण नको, बोला, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी गट पाडले आणि सांगितलं, सोलापूर ते म्हैसूर सहल आखा. गाडी, मुक्काम, जेवण, सगळं इंग्रजीत ठरवायचं आणि शेवटच्या दिवशी घरच्या माणसांसमोर बोलून दाखवायचं. गिरणीच्या निर्यात खात्याला इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता आणि त्यासाठी सर एकाचं नाव सुचवणार होते. ते नाव माझं असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्या गटात तिघं. मी, पूर्व भागातले एक तेलुगू माग-मालक आणि पेठेतल्या कानडी कापड दुकानदाराची सून. माग-मालकांना सगळे काका म्हणत, तिला वहिनी. नातवाला इंग्रजी शाळेत घालायचं तर आईला इंग्रजी यायला हवं, म्हणून सासऱ्यांनीच तिला वर्गात घातलं होतं.

सहल काही केल्या पुढे सरकेना. सरांना हॉटेलच्या मॅनेजरशी संवाद हवा होता: खोली आहे का, गरम पाणी मिळेल का. आमच्या गटाला मात्र हॉटेल सुचतच नव्हतं. ज्या गावात आपलं माणूस आहे तिथं खोली घेऊन राहायचं म्हणजे त्या माणसाचा अपमान. आणि जिथं आपलं माणूस नाही, त्या गावाला जायचंच कशाला? काकांचे साडू म्हैसूरला होते, म्हणून म्हैसूर त्यांना मान्य. बंगलोरला कुणीच नाही, तर बंगलोर वगळा म्हणाले. वरंगळला बहीण आहे, तिकडून जाऊ. मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून वरंगळ कुठल्या कुठं आहे ते दाखवलं. ते म्हणाले, "तुमाला रस्ता दिसतोय, मला बहीण दिसती." मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती दिवस पुरेल यावर दोघांची चर्चा, तीही मराठीत. मी दात-ओठ खात इंग्रजीत विचारायचो, ते मराठीत उत्तर द्यायचे. घरी जाताना रोज वाटे, ही माणसं मला बुडवणार.

एका संध्याकाळी काका अजून यायचे होते. वहिनी हळूच म्हणाल्या की हुबळीचा मुक्काम माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवा. वहिनींच्या लग्नात बहिणीच्या सासरच्यांनी यांच्या सासऱ्यांचा मान नीट राखला नव्हता. आहेर करताना काहीतरी मागं-पुढं झालं. तेव्हापासून येणं-जाणं बंद. घरात बहिणीचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटच्या दिवशी सासरे ऐकायला येणार होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सिस्टर आणि हुबळी हे दोन शब्द त्यांना नक्की कळले असते. चारचौघांत, सुनेचं कौतुक चाललेलं असताना, ते नाही म्हणू शकले नसते.

"घरात कन्नडात म्हटलं तर उलटून बोलणं होतंय," त्या म्हणाल्या. "हितं इंग्रजीत म्हटलं तर अभ्यास होतोय की."

मी मान डोलावली. हुबळीत बहिणीकडे उतरू, हे एकच इंग्रजी वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा घोकलं. वर्गाच्या पायऱ्या उतरतानाही ओठ हलत असायचे.

तालमीत सरांनी ऐकलं आणि वैतागले. ही सहल आहे की पाहुणचार, म्हणाले. कुठं तरी एक हॉटेल पाहिजेच, नाहीतर धडा कशाचा? कुठं तरी. एवढंच म्हणाले होते ते. मी म्हैसूरला हॉटेल घालू शकलो असतो. पण काका साडूला सोडायला तयार होईनात, आणि बंगलोर आम्ही रात्रीच्या गाडीत उरकलं होतं. सरांना बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली असती तरी ते ऐकते, वाईट नव्हते. मी तेही केलं नाही. काकांशी भांडायचं, सरांना समजवायचं, त्यापेक्षा वहिनींना सांगणं सोपं होतं.

शेवटच्या दिवशी लोक बसू लागले तेव्हा मी वहिनींना म्हणालो, "हुबळीला हॉटेल करा असं सर म्हणालेत. ते मीच बोलतो."

त्यांनी सरांकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांकडे. वाद घातला नाही. मॅनेजर झालेल्या सरांशी मी छान बोललो. खोली मिळाली, गरम पाणी मिळालं, लोक हसले. आयुष्यात तोवर मी एकदाही हॉटेलात राहिलो नव्हतो. त्यानंतर सरांनी रीतीप्रमाणे गटातल्या इतरांना प्रश्न विचारले. वहिनींना विचारलं, हुबळीत तुम्ही कुठं उतरणार? मला वाटलं, आता म्हणतील. मनातून मी तेच मागत होतो, असं आज लिहायला हात धजत नाही. मला भीतीच वाटत होती.

"हॉटेल," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांना तोही शब्द कळला. खाली आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हे बरं केलं बगा. खोली घ्यायची, झोपायचं. कुणाच्या दारात जायाचं न्हाय." मग सुनेकडे वळून, "व्हय की न्हाय गं?"

वहिनींनी पदर सारखा केला आणि मान हलवली.

निर्यात खात्यातली जागा मला मिळाली. चादरींच्या निमित्तानं अनेक गावं फिरलो, हुबळीही कितीदा. तिथं लॉजच्या खिडकीतून खालची वस्ती दिसे. यातल्या कुठल्या घरात ती बहीण असेल, असं मनात येई, आणि मी पडदा ओढून घेई. चौकशी करणं अवघड नव्हतं. घरी बायकोलाही हे कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या खरेदीला बायकोनं त्याच दुकानात नेलं. गल्ल्यावर वहिनी होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनी लगेच ओळखलं. मुलाचं, नातवंडांचं सांगितलं. मामंजी वारल्यावर हुबळीला जाऊन आले, म्हणाल्या. बहिणीला आता नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखलं. तिच्या पोरांना मात्र मावशी कोण ते सांगावं लागलं.

मला बोलायचं होतं. बायको शेजारी शालू उलगडून बघत होती. मी म्हणालो, "वहिनी, सरांनी हुबळीचं नाव घेतलं नव्हतं. ते माझं होतं."

त्या शालूची घडी घालत राहिल्या.

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "सरांना मी त्याच आठवड्यात विचारलं होतं."

मग बायकोला त्यांनी दुसरा रंग दाखवला.